शिजलं की शाक

आमच्या आईने गुजरातीचं व्याकरण स्वतःच तयार केलं होतं आणि तिच्यापुरतं ते संपूर्ण होतं. ती साताऱ्याकडची. लग्न होऊन बडोद्याला आली तेव्हा तिला 'केम छो' एवढंच येत होतं. पुढचं सगळं ती हातगाडीवाले, दूधवाले आणि शेजारणी यांच्याकडून शिकली. शिकली म्हणजे कानावर पडलं त्यावरून नियम बसवला, आणि एकदा नियम बसला की गुजराती माणसाने तो मोडलेलाही तिला खपत नसे. 'शाक' आणि 'भाजी' या शब्दांचा तिचा नियम असा होता: कच्ची असेल तोवर भाजी, शिजलं की शाक. पुरावाही होता तिच्याकडे. सकाळी गाडीवाला 'मेथीनी भाजी, पालकनी भाजी' असं ओरडत जायचा आणि दुपारी शेजारच्या इलाबेनकडे ताटात जे वाढलं जायचं त्याला शाक म्हणायचे. गुजरातीत भाजी म्हणजे फक्त पालेभाजी, आणि वांगी, दुधी, फ्लॉवर हे कच्चं असो की शिजलेलं, शाकच, हे तिला कोणी कधी सांगितलं नाही. वांग्याकडे बोट दाखवून 'आ आपो' म्हटलं की वांगं मिळत होतं. त्यामुळे वीस वर्षं तिचं कुठेच अडलं नाही.

सांगायला खरं तर बाबा होते. बाबांचे पणजोबा बडोदे संस्थानात वहिवाटदार होते आणि बाबा स्वतः एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये नटबोल्ट मोजायचे, पण गुजरातीचा विषय निघाला की पणजोबा बोलू लागायचे. आईचं वाक्य पूर्ण होण्याआधी बाबा ते दुरुस्त करून टाकत. एकदा आईला सोसायटीचे सेक्रेटरी किरीटभाई यांना विचारायचं होतं की रविवारी मीटिंगला जमेल ना. तिने विचारलं, "तमे रविवारे जमशो ने?" गुजरातीत याचा अर्थ, रविवारी जेवायला येणार ना. किरीटभाई बायको आणि दोन मुलांसकट बरोबर साडेअकराला हजर झाले. बाबांनी दारातच, सगळ्यांच्या देखत, 'जमणे' या धातूवर आईची शिकवणी घेतली. आईने शांतपणे कुकर लावला, बटाट्याची भाजी, पुऱ्या, श्रीखंड असं चौघांना पोटभर वाढलं, आणि नंतर आठ दिवस बाबांशी एक शब्द बोलली नाही. नवव्या दिवशी तह झाला. यापुढे चारचौघांत आईचं गुजराती दुरुस्त करायचं नाही, हे बाबांनी माझ्या देखत कबूल केलं. माणूस शब्दाचा पक्का, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

आम्ही तेव्हा समा भागात राहत होतो. बावीस घरांची सोसायटी, एकाला एक लागून. सकाळी बावीस कुकर शिट्ट्या देत आणि संध्याकाळी, नुकत्याच आलेल्या केबलमुळे, बावीस घरांतून एकच मालिका ऐकू येई. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. सयाजीगंजला मैत्रिणींबरोबर फिरताना फाडफाड गुजराती बोलायचे, आणि मैत्रिणी घरी यायच्या म्हटल्या की मला काहीतरी कारण सापडायचं. मला आईच्या गुजरातीची लाज वाटत असे. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही, पण वाटत असे ती वाटत असे.

त्या थंडीत बाबांच्या कारखान्यातल्या एकाच्या ओळखीने आम्ही सावली तालुक्यातल्या एका गावी पोंक खायला गेलो. पोंक म्हणजे कोवळ्या ज्वारीचा हुरडा. वर लिंबू, शेव आणि सोबत घट्ट ताक. ज्यांच्या शेतात गेलो त्या कपिलाबेन. उंच, सावळ्या, बोलणं कमी. त्यांचे यजमान खाटेवर बसून होते. त्यांना चहाची बशी धरता येत नव्हती, हातांना कंप होता. कपिलाबेन बशी त्यांच्या ओठाला लावत होत्या. खाऊन झाल्यावर आईला समोर फ्लॉवरचं शेत दिसलं. असे पांढरेशुभ्र गड्डे की आईचा हात आपोआप पिशवीकडे गेला. तिने चार गड्डे मागितले. कपिलाबेननी तिला हाताला धरून तिकडून वळवलं आणि घराच्या मागे नेलं. तिथे मोरीच्या पाण्यावर वाढलेले पाच-सहा वेडेवाकडे फ्लॉवर होते, पानं अळीने चाळणी केलेली. त्यातले दोन त्यांनी काढून दिले. आईने विचारलं, ते समोरचे का नाहीत?

"ए तमारे माटे नथी, बेन," कपिलाबेन म्हणाल्या. "एमां तो दवा मारेली छे. ए शहेर माटे छे."

आई म्हणाली, "पण शहेर तो अमे ज छे."

कपिलाबेननी आईकडे नीट पाहिलं. हे त्यांच्या तोवर लक्षातच आलं नव्हतं, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. शहर म्हणजे पहाटेचा टेंपो आणि मार्केटमधला दलाल. ते कधी पिशवी घेऊन दारात उभं राहिलं नव्हतं. मग त्या खाली बसल्या आणि सगळं बोलून गेल्या. यजमान भर उन्हात फवारणी करताना शेतातच पडले, तेव्हापासून हात असे. आता फवारणी धाकटा दीर, मंगळभाई, करतो. घराला लागून असलेल्या दोन विघे जमिनीवर तरी औषध मारू नका, वारा सगळा घरात आणतो, म्हणून त्या दोन वर्षं मागे लागल्या होत्या. शेवटी मंगळभाईने एक हंगाम दिला होता. तेवढ्यात पीक हाताला लागलं आणि पुरतं खपलं तर ते दोन विघे कायमचे त्यांचे. नाहीतर तिथेही फवारणीचा पंप. मंगळभाई तिथेच होता. औषधाच्या कंपनीने फुकट दिलेली टोपी घालून तो हसत होता आणि म्हणाला, दवा न मारलेलं घ्यायला येणार कोण?

आई म्हणाली, आम्ही येणार. आठवड्याच्या आत तिने बावीस घरं पालथी घातली. इलाबेन जैन, औषधाने जीव मरतात म्हणून त्या लगेच तयार झाल्या. बाकीच्या फ्लॉवरची गोष्ट ऐकून झाल्या. 'ए शहेर माटे छे' हे वाक्य आईने इतक्या घरांत इतक्या वेळा म्हटलं की तेवढं एक वाक्य तिला अस्सल कपिलाबेनच्या ढंगात येऊ लागलं. मंडळ निघालं. बाबा त्याला खासगीत अळी मंडळ म्हणत. शेतीत मंडळाचा प्रत्यक्ष हातभार म्हणजे आंबट ताक. ते कुजवून पिकावर शिंपडलं की किडीला आवरतं, असं कपिलाबेन म्हणाल्या होत्या. तेव्हा बावीस घरांचं उरलेलं ताक आमच्या मोरीत दोन कॅनमध्ये साठायचं आणि शनिवारपर्यंत आमचं घर पाहुण्यांना बसवण्याजोगं राहत नसे.

संक्रांत उलटल्यावर सौदा पक्का करायला आम्ही पुन्हा शेतावर गेलो. आई, बाबा, मी आणि कपिलाबेन बांधावर उभे होतो. आईने पदर खोचला आणि म्हणाली, "तमे दवा नहीं मारो. पछी तमे जे भाजी लगाडो, ए बधी भाजी अमे लेशुं. एक पण भाजी पाछी नहीं." कपिलाबेननी विचारलं, "बधी भाजी?" आई म्हणाली, "बधी ज."

बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मी ते पाहिलं. मलाही कळलं होतं की आईला वांगी, कोबी, टोमॅटो, सगळं हवं आहे आणि समोरच्या बाईला पालेभाजी ऐकू येते आहे. पण दुरुस्त करायचं तर आधी ऐकत होते असं कबूल करावं लागणार, आणि आई गुजराती बोलत असली की मी शक्यतो ऐकत नसे. मी वासरू बघायला गेले. हे माझं वय अठरा असताना.

महिन्याभराने पहिला टेंपो आला. मेथी, पालक, तांदुळजा, शेपू. दव अजून पानांवर होतं, मुळांना ओली माती. सोसायटीत सण असल्यासारखं झालं. आईने त्या दिवशी डाळ घालून मेथीची गोळाभाजी केली, वर लसणाची चरचरीत फोडणी, आणि ताटाशी बसल्यावर आम्ही कोणी बोललोच नाही. तिने सगळ्यांना सांगितलं, ही तर सुरुवात आहे. दुसऱ्या आठवड्यात मेथी, पालक, तांदुळजा, शेपू. तिसऱ्या आठवड्यात तेच, पण दुप्पट. शेपू हा प्रकार असा आहे की ज्याला आवडतो त्यालाही आठवड्यातून दोनदा आवडत नाही. बाबा डबा उघडण्याआधी वास घेऊ लागले. मुलं शाळेत डबे बदलू लागली, पण वर्गात आमच्याच सोसायटीची चार मुलं होती, त्यामुळे शेपू देऊन शेपूच मिळायचा. इलाबेनकडे तर पालेभाजी कागदावर पसरून एकेक पान उलटून पाहायचं काम सासूबाईंना दिलं होतं. सापडलेली अळी त्या पिसाने उचलून आमच्या कुंपणावर सोडत आणि आईला सांगत, तुमच्या झाडावर आज सहा आल्या.

बायका आईला विचारू लागल्या, "शालिनीबेन, शाक क्यारे आवशे?" आता आईच्या नियमाप्रमाणे शाक म्हणजे शिजलेलं. तिला वाटलं, काय या बायका, आता शिजवून पण पाहिजे का? ती म्हणाली, "ए तो तमारे घेर बनाववानुं." बायकांना वाटलं, हिला विचारलेलं खपत नाही. दोन-तीनदा हे झालं आणि सोसायटीत बातमी पसरली की शालिनीबेन तोडून बोलतात. आईला इकडे वाटत होतं की कपिलाबेननी दगा दिला. बोलली नाही, पण मेथी निवडताना देठ जरा जास्त जोरात मोडायची. मी रोज ठरवायचे की आज सांगू, आणि रोज वाटायचं की पुढच्या टेंपोत कोबी येईल आणि आपोआप निस्तरेल.

कोबी आला नाही. किरीटभाईंनी रविवारी सोसायटीच्या आवारात सभा बोलावली. ते बँकेत होते आणि त्यांना मसुद्याची फार आवड. त्यांनी पत्र लिहूनच आणलं होतं: 'आथी आपने जणाववानुं के,' आपण ठरलेला माल न देता आपल्या सोयीचा माल मंडळाच्या गळ्यात मारला, सबब मंडळ यापुढे काही घेणार नाही. दोन विघे अजून हिरवेगार उभे होते. तो माल आम्ही घेतला नाही तर मंगळभाई पंप खांद्याला लावणार, हे आवारात बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. कपिलाबेननाही बोलावलं होतं. कशाला, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या एसटीने आल्या आणि आईसाठी शेपूच्या दोन जुड्या घेऊन आल्या. पत्र वाचून होईपर्यंत त्या जुड्या मांडीवर धरून बसून राहिल्या.

किरीटभाईंनी विचारलं, शालिनीबेननी तुम्हाला काय सांगितलं होतं?

कपिलाबेननी आईकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बेने तो शाकभाजी ज कह्युं हतुं. समजफेर मारी थई." म्हणजे आईने सगळ्याच भाज्या म्हटल्या होत्या, गैरसमज माझा झाला.

"बघा," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता, सुटल्यासारखं होतं. मग तिला वाटलं असावं की आणखी एक साक्षीदार असला तर बरं. ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "नंदू, तू होतीस तिथे. सांग यांना, मी काय म्हणाले होते."

हो म्हटलं असतं तर आई सुटत होती. कपिलाबेन तर स्वतःहून दोष घेऊन बसल्या होत्या. पण त्या मांडीवरच्या जुड्या मला दिसत होत्या, आणि यजमानांच्या ओठाला लावलेल्या त्या बशीवरचा त्यांचा हात आठवत होता. मी म्हणाले, "तू भाजी म्हणालीस, आई. जे भाजी लगाडो ए बधी भाजी अमे लेशुं, असं. इथे भाजी म्हणजे पालेभाजी. फक्त पालेभाजी."

"आणि वांगी?"

"वांगी म्हणजे शाक."

"कच्ची असली तरी?"

"कच्ची असली तरी."

आई जरा थांबली. "बटाटा?"

"तोही."

सभेला मराठी कळत नव्हतं, पण एकेका भाजीचं नाव पडताना सगळे माना वळवून ऐकत होते. आई बाबांकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

बाबा म्हणाले, "तूच बजावलं होतंस, चारचौघांत दुरुस्त करायचं नाही."

"शेतात कुठली आली होती चारचौघं?"

"मोजली होती मी," बाबा म्हणाले. "चौघंच होतो."

आई उठली, पदर खोचला, आणि तिच्या त्याच गुजरातीत बावीस घरांपुढे म्हणाली, "किरीटभाई, कागळ फाडो. भूल मारी छे. में भाजी बोली, एणे भाजी लगाडी. एणे मारा शब्द ऊपर खेतर आप्युं. हवे एक पण जुडी पाछी नहीं जाय. तमे नहीं लेशो तो हुं एकली खाशे." तिच्या या बोलण्यात किती चुका होत्या ते मला तेव्हा मोजता येत होतं, आणि मी मोजल्या नाहीत. ती माझी आई आहे याचा मला इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

किरीटभाई कागद हातात धरून म्हणाले, पण एवढ्या पाल्याचं करायचं काय? तेव्हा इलाबेनच्या सासूबाई, ज्या सभेत कधी बोलत नसत, म्हणाल्या, "सूकवो." तिथीच्या दिवशी त्यांच्याकडे हिरवं खात नाहीत, पण वेळेवर सुकवून ठेवलेलं चालतं, त्यांच्या लहानपणी घराघरात मेथी अशीच सुकायची. वर्षभराचे ठेपले, मुठिये त्यातून होतात.

पुढचे पंधरा दिवस, ज्या गच्च्यांवर दोन महिन्यांपूर्वी पतंगांची झोंबाझोंबी झाली होती तिथे जुन्या साड्यांवर मेथी पसरलेली होती. हल्ली सुकी मेथी खोक्यात मिळते आणि खोक्यावर पान काढलेलं असतं. त्याला तो वास नाही, मी प्रत्येक दुकानात उघडून पाहते आणि दुकानदार रागावतात. शेवटच्या टेंपोबरोबर मंगळभाई स्वतः आला. शहर एवढा पाला खातं कसं, हे त्याला बघायचं होतं. आई त्याला गच्चीवर घेऊन गेली. त्याने चपला काढल्या, साड्यांच्या कडेकडेने बावीस गच्च्या नजरेने फिरून आला, टोपी काढून डोकं पुसलं आणि पाणी मागितलं. त्या दोन विघ्यांवर पंप चालला नाही, त्या वर्षीही नाही आणि पुढेही नाही.

पण सभेच्या त्या संध्याकाळी हे काही ठाऊक नव्हतं. कपिलाबेनना बसला पोचवायला आईने मला पाठवलं होतं. स्टँडवर बाकावर बसल्यावर मी विचारलं, तुम्ही खोटं का बोललात? आईने शाकभाजी म्हटलं नव्हतं.

त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत देते. "खोटुं क्यां बोली? समजफेर में ज करी. तारी मम्मीने बधुं शाक जोईतुं हतुं, ए तो मने तरत खबर पडी गई हती. पण पहेले ज वरसे दवा वगर रींगण रोप्यां होत तो इयळ खाई जात, ने मंगळ पंप भरीने बेठो ज हतो. भाजी महिनामां उतरे, जीवात चडे ते पहेलां. मम्मी भाजी बोली. में पकडी लीधुं."

म्हणजे त्यांना पहिल्या क्षणापासून माहीत होतं. आईचं बिघडलेलं गुजराती त्यांनी दोन्ही हातांनी झेललं होतं, कारण पालेभाजी कीड चढायच्या आत महिन्याभरात निघते, आणि तेवढ्या एकाच अर्थाने ते शेत वाचणार होतं. आई बरोबर बोलली असती तर वांगी लागली असती आणि किडली असती.

"मम्मीने ना कहेती," त्या म्हणाल्या. "लोको कहेशे, बाई चालाक छे. पछी कोई लेशे नहीं. ने एने कहेजे, आवता शियाळे रींगण रोपीश. हवे मारो हाथ बेठो."

मी सांगितलं नाही. आई पुढे कित्येक वर्षं हा किस्सा लग्नाकार्यात स्वतःच रंगवून सांगायची, बटाट्यापाशी थांबून लोकांना हसवायची, आणि शेवटी म्हणायची की चूक कबूल करायला आपल्याला लाज वाटत नाही. तिच्याकडून ती चूक काढून घ्यावीशी मला कधी वाटली नाही. कपिलाबेन गेल्या, आईही गेली, म्हणून आज लिहिते आहे.

त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा आई ओट्याशी उभी राहून शेपू निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"पुढच्या हिवाळ्यात वांगी लावते म्हणाल्या."

तिचा हात थांबला. वीस वर्षांत जे तिने कोणालाच विचारलं नव्हतं, ते अगदी हळू आवाजात मला विचारलं.

"आपल्याला वांगी, कोबी, सगळं लागतं हे तू नीट सांगितलंस ना त्यांना? त्यांच्या गुजरातीत?"

मी हो म्हणून मान हलवली आणि तिच्या शेजारी उभी राहून शेपू निवडायला लागले.